जुन्या कंपनीत परत जावं का? (कोल्हापूरची फाउंड्री, चाकणची नोकरी)

शिरोलीकर

मंडळी, सल्ला हवाय. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला होतो. डिप्लोमा झाल्या झाल्या लागलो. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजायचं यंत्र) सँपल मारण्यापासून सुरुवात केली आणि क्वालिटी हेड होईपर्यंत तिथंच. मागच्या पावसाळ्यात चाकणच्या एका मोठ्या कंपनीतून ऑफर आली, सप्लायर क्वालिटीची. म्हणजे आपण माल बनवायचा नाही, बनवणाऱ्यांकडं जाऊन तपासायचा. पगार जवळपास दीडपट. जुन्या ठिकाणी काही कारणांनी डोकंही फिरलेलं होतं. सोडली.

आता इथं काय करतो? चेकलिस्ट भरतो. दुसऱ्याच्या फाउंड्रीत जाऊन "वाळूचा मॉइश्चर रिपोर्ट दाखवा" म्हणतो, फोटो काढतो, संध्याकाळी त्याची पीपीटी करतो. ब्लो होल (ओतलेल्या मालातलं हवेचं भोक) का आला हे मला बघता क्षणी कळतं, पण सांगायचं नाही, कारण उपाय सुचवला आणि फसला तर जबाबदारी आपल्यावर येते म्हणे. सप्लायरनं आठडी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय लिहिलेला) द्यायचा, आपण "स्वीकारला / नाकारला" एवढंच.

मोशीला तिघांत फ्लॅट. बायको-मुलगा कोल्हापुरात, कारण मुलाची शाळा आणि वडिलांचा गुडघा. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परत. सातारा-कागल रस्त्याचं काम चालू आहे, त्याबद्दल लिहायला घेतलं तर वेगळा धागा होईल. वंदे भारत सुरू झाली खरी, पण ती आठवड्यातून तीन दिवस, आणि चाकणहून पुणे स्टेशन गाठेपर्यंतच निम्मा जीव जातो.

मागच्या आठवड्यात मोठ्या मालकांचा फोन. "किती दिवस लोकाचं दळत बसणार? ये की घरला."

जावं का?

बाराचा_भोंगा

स्टीव्ह जॉब्स १९८५ ला ॲपलमधून गेला, १९९७ ला परत आला. मूर्ती २०१३ ला इन्फोसिसमध्ये परत आले, नीलेकणी २०१७ ला. तुम्हीही या. लाजायचं काय त्यात?

हिंजवडीचा_बळी

@भोंगा, ते सगळे संस्थापक हो. मालक आपल्याच वाड्यात परत आला तर त्याला परत येणं म्हणत नाहीत. शिरोलीकर पगारी माणूस आहेत.

आमच्या आयटीतलं सांगतो. २०२१-२२ मध्ये जो उठला तो कंपनी बदलत होता. इन्फोसिसचं ॲट्रिशन (सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण) २०२२ च्या जून तिमाहीत २८.४ टक्क्यांवर गेलेलं, छापून आलेला आकडा आहे. वर्षभरानं वारं फिरलं आणि त्यातले कितीतरी जण जुन्या मॅनेजरला "हाय सर, लाँग टाइम" करत होते. आमच्या टीममध्ये दोघं आले परत. एकाला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याला रोज कॅन्टीनमध्ये "काय, बाहेर पाऊस होता का?" पहिला जाताना नीट हँडओव्हर करून गेला होता, दुसरा ऐन रिलीजच्या आठवड्यात बाय-आउट करून, म्हणजे नोटिशीचे पैसे भरून. लोक हे विसरत नाहीत. तुम्ही कसे गेला होतात?

शिरोलीकर

पूर्ण नोटीस भरून. ज्युनियरला सगळं शिकवून. शेवटच्या दिवशी मेल्टिंगच्या पोरांनी वडा-पाव आणि फेटा. निरोपात काही खोट नव्हती.

सुगरण_नसलेली

तुम्ही सगळं लिहिलंत, बायकोचं मत सोडून. ती काय म्हणते?

(माझा नवरा तीन वर्षं तळोज्याला होता आणि मी सांगलीत. "घरच्यांसाठी परत येतोय" हे वाक्य मी पण ऐकलंय. आला, आणि आल्या दिवसापासून त्याची चिडचिड मी ऐकत बसले. घर हे कारण असेल तर घराला आधी विचारा.)

शिरोलीकर

विचारलं. ती म्हणाली, "तिकडं असताना तरी तुम्ही रात्री झोपत होता का?" तेवढंच बोलली आणि भाकऱ्या करायला लागली. मी विषय वाढवला नाही.

वाळूजकर

मी परत गेलेला माणूस आहे, त्यामुळे अनुभवाचे बोल.

पहिले पंधरा दिवस पेढे. जो तो खांद्यावर हात टाकतो. मग एप्रिल येतो. इन्क्रिमेंटच्या वेळी साहेब म्हणाले, "तुला काय, तू तर आत्ताच वाढ घेऊन आलास." पुढच्या वर्षीही तेच. म्हणजे बाहेर जाऊन जी उडी मारली ती त्यांनी हळूहळू वसूल केली. दुसरं, माझ्या हाताखालचा पोरगा मी नसताना माझ्या खुर्चीवर बसलेला. तो चांगला आहे, अजूनही "सर" म्हणतो, पण रजेचा अर्ज मी त्याच्याकडे टाकतो. हे पचवायला मला वेळ लागला.

पश्चात्ताप आहे का? नाही. घरून जेवून जातो, संध्याकाळी पोरीला क्लासला सोडतो. पण कुणी सांगितलं की सगळं पूर्वीसारखं होईल, तर विश्वास ठेवू नका. पद काय, रिपोर्टिंग कुणाला आणि पुढची पगारवाढ कोणत्या महिन्यात, हे तिन्ही कागदावर घ्या.

मुक्ता_एचआर

वाळूजकरांना +१. मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे कागदाचं मी सांगते. बाकीचं मन तुमचं तुम्हाला माहीत.

ग्रॅच्युइटी तुम्ही सोडताना घेतली असणार. पाच वर्षं सलग झाली की शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. आता परत गेलात की मोजणी पहिल्यापासून. मालक प्रेमानं म्हणतील, "तुझी जुनी सर्व्हिस धरतो की." धरणार असतील तर नेमणूकपत्रात तसं एक वाक्य हवं, आणि आधी दिलेली रक्कम त्यातून वजा होणार का तेही. छोट्या-मध्यम कंपन्यांत हे तोंडी राहतं आणि पुढे मालकांची पिढी बदलली की कुणालाच आठवत नाही.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. कंपनी तीच असली तरी बहुतेक वेळा मेंबर आयडी नवा पडतो, यूएएन (तुमचा कायमचा पीएफ नंबर) तोच राहतो. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. मध्येच पेन्शनचे पैसे काढून मोकळे झालात तर आधीची वर्षं गेली. चाकणवाल्यांनी तुमची सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली का ते बघा. ती नसली की ट्रान्सफर अडकतो आणि मग लोक आम्हाला शिव्या घालतात. कंपनीनं टाकली नाही तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतःही टाकू शकता.

एकाच आर्थिक वर्षात दोन-तीन ठिकाणचा पगार असेल तर आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या ठिकाणी कळवा. नाही कळवलात तर प्रत्येक जण स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब आपल्याच परीनं धरतो, टीडीएस कमी कापला जातो, आणि जुलैत रिटर्न भरताना एकदम रक्कम अंगावर येते. दर वर्षी असे चार जण रडत येतात.

आणि हे नीट वाचा: "कन्सल्टंट म्हणून ये" असं म्हणाले तर सावध. त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही, उद्या नको म्हणाले की नको. ठरावीक मुदतीच्या करारावर कामगार म्हणून घेणं ही वेगळी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात अशा नेमणुकीला वर्षभरावर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

चाकणला जॉइनिंग बोनस किंवा सामान हलवण्याचा खर्च घेतला असेल तर तो वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर बघा. तिथेच असतं ते, बारीक अक्षरात.

हिंजवडीचा_बळी

वाचनखूण साठवली. मुक्ताताई, तुम्ही एक स्वतंत्र धागा काढाच.

मेल्टिंगवाले_अण्णा

शिरोलीकर, मी उद्यमनगरात वाढलो, आयुष्य भट्टीसमोर गेलं, आता निवृत्त. एवढे प्रतिसाद वाचले. पगाराचं झालं, पीएफचं झालं. पण तुम्ही पहिल्याच परिच्छेदात "काही कारणांनी डोकं फिरलेलं" असं लिहून पुढं पळालात. आणि सूनबाई म्हणतात तिकडं असताना झोप नव्हती. कारण काय होतं ते सांगा. क्वालिटीचा माणूस झोपत नाही ते एकाच कारणानं, असा माझा अनुभव आहे. तेच आहे का बघूया.

शिरोलीकर

अण्णा, पकडलंत.

रात्रपाळीत एसजीची (गोल ग्राफाइटचं, चिवट ओतीव लोखंड) हीट होती, म्हणजे भट्टीचा एक घाणा, सस्पेन्शनच्या ब्रॅकेटचा. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की धातू आठ-दहा मिनिटांत ओतून संपवायचा, नाहीतर मॅग्नेशियम उडून जातं. त्या रात्री क्रेन अडकली आणि शेवटच्या लॅडलचे (धातू ओतायच्या पात्राचे) बॉक्स उशिरा ओतले गेले. सकाळी सँपल पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरलं तर जिथं गोल गोळ्या दिसायच्या तिथं लांबट, वाकडंतिकडं ग्राफाइट. ड्रॉइंगवर नोड्युलॅरिटी (गोल ग्राफाइटचं प्रमाण) किमान ८५ टक्के मागितलेली, इथं सत्तरसुद्धा निघेना.

लॉटला लाल टॅग लावला, ट्रॉली होल्ड एरियात नेली, साखळी घातली. दुपारी जेवून आलो तर ट्रॉली मोकळी. टॅग दांड्याला तसाच लटकत होता. माल शॉट ब्लास्ट होऊन, ग्राइंडिंग होऊन गाडीत. धाकट्या मालकांना विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकाची लाईन थांबली असती. मी स्वतः हातोडा मारून बघितला, वाजतंय की!"

मोठ्या मालकांकडं गेलो. त्यांनी रात्रीच गिऱ्हाइकाला फोन करून, सॉर्टिंगचं कारण सांगून अख्खा लॉट परत आणला. म्हणून त्यांच्याबद्दल आदर आहे. पण धाकट्यांना ते माझ्यासमोर काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पार्टवर तेच. मग चाकणची ऑफर आली.

मेल्टिंगवाले_अण्णा

तेच होतं.

हातोड्यानं एसजी आणि साधं कास्ट आयर्न यातला फरक कळतो. ८५ आणि ७० मधला फरक सांगणारा कान मी तरी आयुष्यात बघितला नाही.

आता ऐका. तुमच्या जुन्या कंपनीकडं आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक) सर्टिफिकेट असणार, वाहन उद्योगाला माल देताय म्हणजे बहुतेक असतंच. त्यात ५.३.२ कलम आहे: मालाच्या अनुरूपतेची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला उत्पादन थांबवायचा आणि माल पाठवणं थांबवायचा अधिकार पाहिजे. बहुतेक फाउंड्र्यांत हे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं, ऑडिटर आला की बोट दाखवायला. तुम्ही मालकांकडं पगाराआधी हे मागा. नवीन काही मागत नाही तुम्ही, त्यांनीच सही केलेलं आहे. अंमल कसा करायचा? डिस्पॅच चलनावर क्वालिटीची सही असल्याशिवाय गेटवरचा वॉचमन गाडी सोडणार नाही, असं परिपत्रक, मोठ्या मालकांच्या सहीनं. आणि तुमचं रिपोर्टिंग थेट मोठ्यांना, धाकट्यांना नाही.

हे देत असतील तर डोळे झाकून जा. नसतील तर तीन महिन्यांत पुन्हा हाच धागा काढाल.

बाराचा_भोंगा

अण्णा, मालकाच्या पोराला वॉचमन अडवणार? कुठल्या गावात?

मेल्टिंगवाले_अण्णा

अडवतो. मी बघितलंय. मालकानं एकदा सर्वांसमोर वॉचमनची बाजू घेतली की पुढं अडवावंच लागत नाही. ती पहिली वेळ मालक पाळतो का, हाच सगळा प्रश्न.

सुगरण_नसलेली

मला यातलं मॅग्नेशियम वगैरे कळलं नाही, पण शिरोलीकरांच्या बायकोला रात्रीचं सगळं माहीत होतं हे कळलं.

शिरोलीकर

अपडेट देतो. उशीर झाला, क्षमस्व.

मालकांना भेटून आलो. केबिनमध्ये नाही, शॉपमध्येच. पोरं भेटली, चहा झाला. मोल्डिंगची लाईन नवीन घेतलीय, हाय प्रेशरची, बघून खरंच हात शिवशिवले. ज्युनियरनं आता मिशी ठेवलीय आणि मला बघून दोन मिनिटं खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता.

मालकांनी आधी "कन्सल्टंट म्हणूनच ये, तुलाच बरं" हे काढलं. मुक्ताताई, मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार केला. नको म्हटलं. मग पगारावर आले. चाकणपेक्षा कमी, जुन्यापेक्षा बराच जास्त, घरचं भाडं आणि प्रवास धरला तर हातात तेवढंच पडतं. तिथं माझी काही तक्रार नव्हती.

मग मी होल्ड रजिस्टर मागितलं. सहज म्हणून, ज्युनियरचं काम बघायला. रजिस्टर छान ठेवलंय त्यानं, तारीख, हीट नंबर, दोष, संख्या. शेवटचा रकाना "निर्णय". तिथं बऱ्याच ठिकाणी "रिजेक्ट", "रीवर्क", आणि मध्ये मध्ये निळ्या शाईत: "तोंडी सूचनेनुसार सोडले." खाली त्याची एकट्याची सही. कुणाची सूचना ते नाही.

ते पान उघडून मोठ्या मालकांसमोर ठेवलं आणि चलनावरच्या सहीचं, परिपत्रकाचं बोललो. त्यांनी चष्मा काढून वाचलं. म्हणाले, "तू आलास की तू बघ ना हे सगळं." मी म्हटलं, साहेब, आधी परिपत्रक निघू दे, मग मी चाकणला राजीनामा देतो. म्हणाले, "ऑडिट होऊ दे, मग बघू. आत्ता घरात विषय नको."

वाळूजकर

म्हणजे नाही.

मेल्टिंगवाले_अण्णा

म्हणजे नाही. वाईट माणूस नाही, पण नाही.

आणि त्या पोराला एक सांगा. "तोंडी सूचनेनुसार" पुढं सूचना देणाऱ्याचं नाव लिहायला लाग. उद्या एखादा ब्रॅकेट रस्त्यावर तुटला तर कागदावर फक्त त्याची सही आहे.

शिरोलीकर

सांगितलं. निघताना त्याला बाजूला घेऊन तेच सांगितलं. तो म्हणाला, "सर, नाव लिहिलं तर उद्या रजिस्टरच बदलतील." त्याला म्हटलं, मग रोज संध्याकाळी पानाचा फोटो काढून मोठ्या मालकांना व्हॉट्सॲप कर, "माहितीसाठी" एवढंच लिहून. ते तो करतोय म्हणे.

हिंजवडीचा_बळी

मला थोडं वेगळं वाटतंय. इतकं ताणायला हवं होतं का? मालक मानतात तुम्हाला. आत शिरून हळूहळू बदलता आलं असतं. घर मिळत होतं, पगार मिळत होता. शंभर टक्के मनासारखी कंपनी कुठं असते? आमच्याकडं पण टेस्टिंगनं लाल दाखवलेला बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती) हिरवा करून जातोच की.

सुगरण_नसलेली

तुमचा बिल्ड गाडीच्या चाकापाशी नसतो.

हिंजवडीचा_बळी

हे मान्य. पण माझा मुद्दा घराचा होता. मुलगा शाळेत असताना बाप आठवड्यातून एक दिवस, ही किंमतही लहान नाही. ती कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायची?

शिरोलीकर

@हिंजवडीचा_बळी, तुमचं बरोबर आहे, म्हणूनच एवढे दिवस लागले. पण आत शिरून बदलायचा प्रयत्न मी आधी करून झालोय, क्वालिटी हेड असताना. फरक एवढाच पडला असता की आता त्या निळ्या शाईखाली सही माझी असती आणि ज्युनियर सुटला असता. तेवढ्यासाठी तरी जावं, असं एक रात्र वाटलं. बायको म्हणाली, मग तुम्ही झोपणार कधी?

सध्या चाकणला आहे. साहेबांना सांगून कोल्हापूर-सांगलीचे सप्लायर माझ्याकडं मागून घेतलेत, इथं ते कुणालाच नको असतात. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस कामासाठीच तिकडं. जुनी कंपनी त्या यादीत होती. ती मी दुसऱ्याकडं द्यायला सांगितली, कारण माझा तिच्याशी जुना संबंध आहे हे लेखी कळवणं बरं. कोल्हापुरात दुसरीकडं काही मिळालं तर बघणार आहेच.

मुक्ता_एचआर

हे लेखी कळवलंत ते उत्तम केलंत. आणि मोठ्या मालकांना नकार कसा दिलात? दार लावून घेऊ नका, एवढंच.

शिरोलीकर

फोनवर. म्हटलं, परिपत्रक निघालं की त्याचा फोटो पाठवा, मी त्याच दिवशी राजीनामा टाकतो. हसले. "तू लई हट्टी" म्हणाले.

बाराचा_भोंगा

निघालं का?

शिरोलीकर

ऑडिट झालं. नाही निघालं.

मेल्टिंगवाले_अण्णा

शिरोलीकर, कागल पंचतारांकित एमआयडीसीत एक ओळखीचे आहेत, एसजीच करतात, क्वालिटीला माणूस शोधतायत. त्यांच्याकडं चलनावर सही लागते, मीच लावून दिलीय ती पद्धत. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा.

शिरोलीकर

बघितला. शनिवारी येतो म्हणून कळवलंय त्यांना. अण्णा, होल्ड रजिस्टर दाखवतील का पहिल्याच भेटीत?

मेल्टिंगवाले_अण्णा

मागा की. नाही म्हणाले तर चहा पिऊन माझ्याकडं या.